टीव्हीतलं पिठलं

आमची सून जेवताना मोबाईलवर खून बघते. समोर वरण-भात, पाण्याच्या तांब्याला टेकवलेला मोबाईल, आणि त्यात कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबतंय. परवा मी म्हटलं, "अगं, निदान दहीभात कालवताना तरी रक्त नको बघूस." तर म्हणते, "आई, तुमच्या वेळी टीव्हीवर असलं काही नव्हतं ना, म्हणून तुम्हाला सवय नाही."

नव्हतं म्हणे! मी हातातला घास खाली ठेवला. बाई गं, म्हटलं, तुझ्या मोबाईलमधल्या खुनानं तुझं वरण तरी नासलं का? आमच्या वेळच्या एका नाटकानं आमची अख्खी खानावळ बंद पडायची वेळ आणली होती. मग तिनं मोबाईल बंद केला आणि मला ही सगळी गोष्ट सांगावी लागली. तेवढ्यात रात्रीसाठी लावलेल्या कुकरची तिसरी शिट्टी राहिली आणि डाळ कच्ची निघाली, पण ते असो.

आमच्या वेळी टीव्हीवर नाटक लागायचं. मालिका नव्हे. नाटक. एका संध्याकाळी सुरू व्हायचं, त्याच संध्याकाळी संपायचं, आणि ते संपेपर्यंत त्यातलं एखादं माणूसही संपायचं. एक खोली असायची, एक कंदील, एक करकरणारं दार. नवरा काहीतरी टोचून बोलायचा. मग बायको खिडकीतून बाहेर बघत राहायची, इतका वेळ की आम्हाला वाटायचं टीव्ही बिघडला. मग कुठूनतरी सारंगी वाजायची. सारंगी वाजली की सगळ्यांनी ओळखायचं, आता गेलं कुणीतरी.

मला ती नाटकं फार आवडायची. नुसती मलाच नाही, सगळ्या नळदुर्गाला. आमच्या भागात टीव्ही होता तो कापडदुकानदार काकांकडं. संध्याकाळी ते टीव्ही दुकानाच्या गादीवर आणून ठेवायचे, कापडाचे तागे बाजूला सारायचे आणि अँटेना सोलापूरकडं वळवायला कुणाला तरी पत्र्यावर चढवायचे. बाया ओट्यावर, गडी रस्त्यावर. उकडलेल्या शेंगा फिरायच्या. पडद्यावर ती बिचारी विहिरीकडं निघाली की ओट्यावरून आरडाओरडा सुरू, "अगं जाऊ नको, मेले, जाऊ नको!" आणि मागून एखादी शेंग सोलता सोलता म्हणायची, "सांगून काय उपेग? जातीच की ती." आणि ती जायचीच. नाटक संपलं की सगळ्या पदरानं डोळे पुसायच्या आणि मस्त हलक्या मनानं घरी जायच्या. इतकी दुःखी नाटकं इतक्या आनंदानं बघणारी माणसं मी पुन्हा कुठं पाहिली नाहीत.

आता खानावळीचं सांगते. माझी आई, म्हणजे अव्वा, एसटी स्टँडसमोर खानावळ चालवायची. आमच्या घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी, म्हणून आई ती अव्वा, वडील ते अप्पा, आजोबा, म्हणजे अप्पांचे वडील, ते मुत्त्या, आणि लेकीसुनेला मायेनं हाक मारायची तर यव्वा. खानावळीच्या जागेत आधी अप्पांचं किराणा दुकान होतं. अप्पांना काविळीनं धरलं. सोलापूरच्या दवाखान्यात झालं, औषधपाणी झालं, आणि शेवटी मुत्त्यांनी त्यांना जळकोटला स्वतःच्या घरी नेलं. अव्वा बरोबर गेली. अप्पा तिथंच गेले. नळदुर्गातल्या लोकांनी अप्पांना एसटीत बसून जाताना बघितलं होतं, परत आली ती एकटी अव्वा.

मुत्त्यांचं म्हणणं होतं की आम्ही दोघींनी जळकोटला येऊन राहावं. अव्वाचं म्हणणं होतं की ती नळदुर्गातच राहील आणि मला शिकवील. तिनं दुकानाची फळी काढून तिथं चूल घातली आणि ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, ठेचा असं जेवण सुरू केलं. मुत्त्या भयंकर चिडले. "आपल्यात अन्न वाढत्यात, विकत न्हाईत," ते म्हणाले. मग त्यांनी तडजोड काढली. "ज्वारीची काढणी हुईपतुर बघतो. तवर चाललं तर चाललं. न्हाय तर म्या येऊन कुलूप लावणार, अन् तुमा दोघींना गावाकडं घेऊन जाणार. मग तिथं रडायचं न्हाय." तेव्हापासून त्यांनी अव्वाशी बोलणंच जवळजवळ टाकलं होतं. म्हणजे खानावळ टिकली तर नळदुर्ग, नाही तर जळकोट. जळकोट वाईट नव्हतं, पण तिथं गेले असते तर माझी शाळा संपली असती आणि अव्वाची मान खाली गेली असती. हे दोन्ही मला त्या वयातही नीट कळत होतं.

खानावळ चालली मात्र झकास. बँकेतली माणसं, शाळेचे गुरुजी, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, हायवेवरचे ट्रकवाले, सगळे यायचे. अव्वा बोलायची कमी. डोक्यावरून पदर, मान खाली, आणि ताटावर फक्त तिचा हात यायचा. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी तिनं विंचू गोंदवून घेतला होता. लहानपणी तिला विंचू चावला होता आणि गोंदवला की परत चावत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. जेवणाऱ्यांना तिचा चेहरा धड माहीत नव्हता, पण भाकरी घेऊन येणारा तो विंचू सगळ्यांच्या ओळखीचा होता.

अशात मुंबईहून नाटकवाले आले. टीव्हीचं नाटक करायचं होतं आणि त्यांना किल्ला हवा होता, नदी हवी होती आणि खरीखुरी चूल हवी होती. दाढीवाले एक साहेब होते, ते सगळ्यांवर ओरडायचे. एक नटी होती, ती कुणावरच ओरडायची नाही म्हणून मला आवडली. ही सगळी माणसं जेवायला आमच्याकडं.

नाटकातल्या बाईला भाकरी थापायची होती. नटीनं दोन्ही हातांनी अशी काही थापली की सगळी भाकरी तिच्या हाताला चिकटून वर आली. पुन्हा पीठ, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी भाकरीला एका बाजूनं शेपूट फुटलं. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात अव्वा कुणाला तरी पिठलं वाढत होती, तिच्या हातावर साहेबांची नजर गेली आणि ते उठूनच उभे राहिले.

"बाई, हात तुमचे घेतो," ते म्हणाले. "चेहरा यांचाच. फक्त हात तुमचे."

अव्वानं आधी साफ नाही म्हटलं. मग तिनं विचार केला. चेहरा दिसणार नाही, म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. आणि आपली भाकरी टीव्हीवर दिसली तर काय सांगावं, सोलापूरपर्यंत नाव होईल. तिनं नटीच्या बांगड्या हातात चढवल्या आणि परातीसमोर बसली. मला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं आणि शिंक आली तरी गिळायची असा हुकूम होता.

भाकऱ्या झाल्या. मग साहेबांनी एक कागदाची पुडी दिली आणि म्हणाले, "ही आता पिठल्यात टाकायची."

"पुडीत काय हाय?" अव्वानं विचारलं.

पुडीत पिठीसाखर होती, ती मी चाटून बघितली होती. पण साहेब म्हणाले, "औषध आहे असं समजा. नवरा आजारी आहे, कडू म्हणून औषध घेत नाही. तुम्ही त्याला कळू न देता जेवणात घालताय."

अव्वा जरा थांबली. अप्पांना ती अशाच पुड्या गुळात कालवून द्यायची. मग तिनं पुडी उलगडली, बोटानं हळूच टिचक्या मारत सगळी पूड पिठल्यात पाडली, कागदाच्या घडीत अडकलेलं सुद्धा झटकून घेतलं, आणि पळीनं सावकाश, अगदी सावकाश ढवळलं. साहेब थांबा म्हणायचंच विसरले. नंतर म्हणाले, "वा!" नवऱ्याचं काम करणाऱ्या माणसाला मात्र ते गोड पिठलं पुन्हा पुन्हा खावं लागलं, कारण कधी माशी आली तर कधी बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. तो बिचारा संध्याकाळी मला म्हणाला, "बेबी, घरात काही तिखट आहे का गं?" मी त्याला ठेचा दिला, तर तो डोळ्यांतून पाणी काढत सगळा खाऊन गेला.

गोष्ट काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या बायकोचं नाटक आहे.

काही महिन्यांनी टीव्हीवर त्या नाटकाची घोषणा झाली. अव्वानं जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाला! जी बाई ‘चटणी वाढू का’ यापलीकडं बोलायची नाही ती म्हणायला लागली, "रविवारी बघा बरं का. आमची भाकरी हाय त्यात." म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. आम्ही ते शब्दशः केलं.

त्या संध्याकाळी कापडदुकानासमोर जत्रा भरली. अव्वाला काकांनी सगळ्यांत पुढं जागा दिली. तिनं नवी इरकल नेसली होती. नाटक सुरू झालं. खोली, कंदील, करकरणारं दार, सगळं जिथल्या तिथं. नवरा दारुडा, बायकोला मारणारा. मग पडद्यावर परात आली, आणि परातीत दोन हात. भाकरी गरागरा फिरायला लागली. "विंचू! विंचू बघा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. अव्वानं पदर तोंडाशी घेतला, पण ती हसत होती हे मला दिसत होतं.

मग नटीनं एका दुकानातून उंदराचं औषध विकत घेतलं.

मला आधी काही कळलंच नाही. मग हात आले, पुडी आली. बोटानं टिचक्या मारत पूड पिठल्यात पडली. घडीत अडकलेलं झटकलं. इतकं सावकाश, इतक्या मायेनं ढवळलेलं विष मी तरी कुठल्याच नाटकात बघितलं नव्हतं. शेंगा सोलायचा आवाज बंद पडला. विंचू पडद्यावर एवढा मोठा झाला होता. नवऱ्यानं पिठलं खाल्लं, आणखी मागितलं, आणि सारंगी वाजली. शेवटी त्याच हातांनी ताट विसळलं आणि पालथं घातलं. नाटक समाप्त. लगेच बातम्या लागल्या.

कुणी डोळे पुसले नाहीत. सगळे उठले आणि अव्वाकडं न बघता घरी गेले.

मालिका असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलंय. पुढच्या आठवड्यात पोलीस आले असते, ती पकडली गेली असती, काहीतरी निकाल लागला असता आणि लोक मोकळे झाले असते. पण त्या नाटकांना पुढचा भाग नसायचा. ती जिथं संपायची तिथून पुढं लोकांनी आपापल्या डोक्यात चालवायची. आमच्या लोकांनी ते नाटक आमच्या खानावळीत चालवलं.

दुसऱ्या दिवशी बँकवाले आलेच नाहीत. गुरुजी दारापर्यंत आले आणि म्हणाले, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आज एकादशी आहे." एकादशी होऊन चांगले चार दिवस झाले होते. एक कंडक्टर आत येऊन बसला, ताटाकडं बघितलं आणि हसत हसत म्हणाला, "मावशी, आधी तुमी एक घास घ्या की." अव्वानं त्याच्या ताटातला एक घास घेतला, शांतपणे खाल्ला, आणि ताट उचललं. "माझं पोट भरलं," ती म्हणाली. "तुमचं दुसरीकडं भरा."

एक हैदराबादी ट्रकवाला तेवढा काही माहीत नसल्यामुळं दोनदा पिठलं मागून जेवला. बाहेर पडला तर पानवाल्यानं त्याला खुणेनं बोलावून कानात सांगितलं. तो बिचारा ट्रक तिथंच सोडून डॉक्टरकडं पळाला. डॉक्टरनं त्याला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तरी तो इंजेक्शन घेतल्याशिवाय हलला नाही. जाताना दंड चोळत आमच्या दारात येऊन म्हणाला, "अम्मा, पिठला तो लई अच्छा था. लेकिन डर बी कुछ चीज है." त्याचा मला राग आला नाही. खरं बोलणारा तो एकटाच होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. अव्वा सुद्धा म्हणायची, "जातील विसरून. भूक लागली की येत्यात." मग एका सकाळी आम्ही नळावर गेलो. पाण्याची रांग होती. पुढच्या दोघी आपसात बोलत होत्या, आणि त्यातली एक म्हणाली, "हिचा नवरा बी असाच गेला की. चालता-बोलता गेला, परत आलाच न्हाय. कुणी बगितलंय?"

अव्वानं ऐकलं. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली, घरी आली, घागर उतरवली, आणि मग चुलीसमोर नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "अव्वा, मी जाऊन तिच्या झिंज्या उपटू का?" मग मी शाळेत गेले, तर तिथं एका पोरीनं तेच विचारलं. मी तिच्या पाठीत डब्यानं हाणलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

त्यानंतरही अव्वा रोज पातेलंभर पिठलं करायची. रोज म्हणायची, आज येतील. संध्याकाळी ते पिठलं गाईला घालायची.

आणि मुत्त्या आले.

भर दुपारी जळकोटची एसटी थांबली आणि त्यातून मुत्त्या उतरले. पांढरा फेटा, खांद्यावर नव्या ज्वारीनं भरलेलं पोत्याचं ठिकं. म्हणजे काढणी झाली होती. आत एकही माणूस जेवत नव्हतं, पाट रांगेनं रिकामे पडले होते. लपवायला काही जागाच नव्हती. मी आत पळाले. "अव्वा, मुत्त्या आले. कुलूप घेऊन आलेत बघ." अव्वानं पदर सारखा केला. "येऊ दे," ती म्हणाली.

मुत्त्यांनी ठिकं टाकलं, रिकाम्या पाटांकडं बघितलं. बाहेर रस्त्याला तोंड करून ठेवलेल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "भूक लागलीय. काय केलंय?"

"पिठलं," मी म्हटलं. मला वाटलं आता ते नाही म्हणतील.

"आण की मग. बघत काय ऱ्हायलीस?"

अव्वानं ताट वाढलं. मुत्त्या सगळ्या स्टँडसमोर बसून जेवायला लागले. समोरचा पानवाला कात लावायचा थांबला. कापडदुकानदार काका दुकानातून बाहेर आले. गुरुजी शाळेतून घरी निघाले होते, ते उगाचच सायकलची साखळी बघायला वाकले. मला वाटलं, मुत्त्यांनी हे मुद्दाम केलंय. म्हातारा सगळ्यांना दाखवायला आलाय. मला त्यांच्या फेट्याचा सुद्धा अभिमान वाटला. मुत्त्यांनी दुसऱ्यांदा पिठलं मागितलं, मीठ कमी आहे म्हणाले, भाकरीच्या कोरेनं ताट पुसून घेतलं, ढेकर दिली, आणि बाकावर आडवे झाले. फेटा सोडून तोंडावर ओढला आणि गप्प.

ते रोज जेवल्यावर असेच झोपायचे. हे मला माहीत होतं, अव्वाला माहीत होतं. बाकी कुणाला माहीत नव्हतं.

हळूहळू माणसं जमायला लागली. आधी पानवाला, मग काका, मग गुरुजी, मग तो एक घास खाऊन दाखवा म्हणणारा कंडक्टर. एसटी सुटायची वेळ झाली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, पण कंडक्टर हलेना. मग ड्रायव्हरही खाली उतरून आला. "छाती हलतीय का बघा," कुणीतरी कुजबुजलं. "फेट्यामुळं दिसत न्हाय." "हात लावून बघू का?" "तू लाव." "म्या कशाला?" कुणीच लावेना.

आत अव्वा भाकरी थापत होती. खाणारं कुणी नव्हतं तरी थापत होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "उठले का गं?" मी म्हटलं, नाही. तिनं तवा उतरवला. पिठल्यात काही नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण म्हातारं माणूस, उन्हातून आलेलं, पोट भरून जेवलेलं. नेमकं आजच काही झालं असतं तर जन्मभर कुणाला काय सांगणार होती ती? "पुन्हा बघून ये," ती म्हणाली. मी गेले, आले. पुन्हा गेले. अख्खं स्टँड आमच्या दारात उभं होतं.

मुत्त्यांनी दणदणीत शिंक दिली. पानवाला मागं उडाला तो कंडक्टरच्या पायावर.

मुत्त्या उठून बसले. फेटा गुंडाळत म्हणाले, "काय झालं? कुणी मेलंय का?"

शेवटी काका पुढं झाले आणि त्यांनी घुटमळत सगळं सांगितलं. नाटक, पुडी, विंचू, सगळं. तेव्हा मला कळलं की मुत्त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते सगळे दिवस रानात काढणीवर होते. त्यांना खरोखरच नुसती भूक लागली होती.

मुत्त्या आधी हसले. असे हसले की ठसका लागला. "टीव्हीत? आमच्या सुनंचं हात? अन् मला कुणी सांगितलं न्हाय व्हय!" मग त्यांनी सगळ्यांकडं एकेक करून बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. "म्हंजे तुमी मी मरतो का बघायला थांबलता," ते म्हणाले. "अन् मग माझ्या लेकाचं बी तुमच्या मनात आलं असंल."

गुरुजी पुन्हा सायकलच्या साखळीकडं बघायला लागले.

"माझा लेक माझ्या घरात गेला," मुत्त्या म्हणाले. मोठ्यानं नाही, पण स्टँडवर ऐकू जाईल असं. "म्या उशाला हुतो. शेवटाला त्याला पाणी उतरंना. म्या चमचा धरला की तोंड फिरवायचा. हिनं धरला की प्यायचा. बापाच्या हातचं न्हाय पेला, हिच्या हातचं पेला. त्याचाच राग धरून बसलो हुतो म्या हिच्यावर, आजपतुर. दुसरं काय बी न्हाय."

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला होता. अव्वा दारात येऊन उभी होती. दोन्ही हात पिठाचे होते.

मुत्त्या तिच्याकडं वळले. "म्या तुमाला न्यायलाच आलो हुतो. खोटं कशाला बोलू? अन्न विकू न्हाय हे माझं म्हणणं आजबी हाय. पण आता कुलूप लावलं तर ही सगळी म्हणतील, खरंच हुतं. कुलूप लावायचं न्हाय, यव्वा. म्या मेलो तरी लावायचं न्हाय."

‘मेलो’ म्हटल्याबरोबर पानवाला पुन्हा दचकला, आणि काकांना हसू फुटलं. मग गुरुजींना. मग सगळ्यांनाच. काका रांजणाकडं गेले, हात धुतले, चपला काढल्या आणि आत जाऊन पहिल्या पाटावर बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मला बी वाढा. घास-बिस काय खाऊ नका." ड्रायव्हर ओरडला, "अरे, गाडी?" आणि मग तोही हात धुवायला गेला. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बघत होते.

अव्वा म्हणाली, "पिठलं थोडंच ऱ्हायलंय. बसा, दुसरं टाकते." आणि आत वळली.

मी तिच्या मागं गेले. ती परातीसमोर बसून भाकरी थापत होती आणि रडत होती. अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, नाक ओढत, आणि हात चालूच. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. बाहेर पाट भरत होते. मी तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिले, तशी ती रडता रडताच माझ्यावर खेकसली.

"बघत काय उभी ऱ्हायलीस? ताटं घे!"